चित्र काढता येत नाही? तरी चार चौकटींत गावाचं म्हणणं मांडता येतं

बदलापूर : पुण्यात कर्वे रोडवर नळस्टॉप चौक आहे. दिवाळीत तिथे सिग्नलला गाडी थांबली की एक वयस्कर गृहस्थ पुढे यायचे आणि हातात शुभेच्छापत्र द्यायचे. त्यावर वाहतुकीचं व्यंगचित्र. ते होते व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर, नाटककार विजय तेंडुलकरांचे धाकटे भाऊ. वर्तमानपत्रांत चित्रं छापून येत असतानाही ते वर्षानुवर्षे त्या चौकात उभे राहिले. ११ जुलै २०१७ रोजी त्यांचं निधन झालं.

चौकात उभं राहायची गरज काय होती? आपलंच बघा ना. पोलिसाने शिट्टी मारली की आपण आधी सबब शोधतो. व्यंगचित्र बघून आधी हसू येतं आणि मग कळतं, अरे, हा तर मीच! रागवून घेतलेलं माणूस विसरतो, स्वतःवर हसलेलं सहसा विसरत नाही.

पण चौकात उभा राहणारा माणूस एकच. गावोगावच्या लोकांनी स्वतःच अशी चित्रं काढली तर? व्यंगचित्रकार शरद शर्मा हेच शिकवत देशभर फिरत आलेत. त्यांच्या दिल्लीच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेच्या कार्यशाळांत चित्रकार घडवत नाहीत. शाळा सुटल्यापासून पेन्सिल न धरलेल्या माणसाकडून त्याच्याच गावची गोष्ट काढून घेतात. याला भित्तीचित्रकथा म्हणता येईल. पद्धत अगदी साधी आहे, ती नीट समजून घ्या.

आधी चित्र काढायचंच नाही. गोष्ट लिहायची, तीही लहान. मग तिचे चार तुकडे पाडायचे : सुरुवात, अडचण, वळण आणि शेवट. ए-फोर आकाराचे दोन कागद चिकटवून एक मोठा कागद करायचा, त्यावर चार चौकटी आखायच्या. वर दोन, खाली दोन. डावीकडून उजवीकडे वाचत जायचं. बोलणं आधी लिहून घ्यायचं आणि मग त्याभोवती फुगा काढायचा. नवखा माणूस फुगा आधी काढतो आणि मग शब्द मावत नाहीत! अक्षर एवढं मोठं हवं की चार पावलांवरून वाचता आलं पाहिजे. सगळं काळ्या शाईत, कारण झेरॉक्स काढायची असते.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ, रेल्वे रूळ ओलांडण्याचं. पहिल्या चौकटीत आई डबा देते, मुलगा म्हणतो, "लोकल चुकेल, निघतो." दुसरीत समोर पूल आहे, पण त्याची नजर रुळांकडे. तिसरीत पाय रुळावर, कानात हेडफोन, मागे गाडीचा दिवा. चौथीत काय काढाल? अपघात काढला तर लोक मान फिरवतील. नुसता ओट्यावर संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलेला ताट-वाटीचा घास काढला तरी बघणाऱ्याच्या पोटात कालवतं. कार्यशाळेत सगळ्यात जास्त वेळ या चौथ्या चौकटीवरच घालवावा, असं आमचं मत.

हात वळत नाही, माणूस काडीसारखा येतो? येऊ द्या. बघणाऱ्याला कोण कुठे उभा आहे आणि काय करतोय एवढं कळलं की झालं. शि. द. फडणीसांचं 'मोहिनी'चं १९५२ चं गाजलेलं मुखपृष्ठ आठवा. तरुणाच्या शर्टावर मांजरं, तरुणीच्या साडीवर उंदीर. एकही शब्द नाही, तरी सगळा महाराष्ट्र हसला. अर्थात फडणीसांची रेघ आपल्याला जमायची नाही, पण कमी शब्दांत भागवणं तर जमेल?

एक पथ्य मात्र पाळा. गावातल्या खऱ्या माणसाचं नाव किंवा ओळखू येईल असा चेहरा काढू नका. भांडण लागलं की चित्र बाजूला राहतं. हुंड्याची किंवा दारूची गोष्ट असेल तर हे आणखी सांभाळा.

आता कुणी म्हणेल, मोबाईल आहे की, ग्रुपवर टाकू. टाका, पण आधी भिंतीवर लावा. ग्रुपवरचं चित्र जो तो एकटा बघतो आणि अंगठ्याने वर सरकवतो. किराणा दुकान, चहाची टपरी, रिक्षा स्टँड, शाळेचं फाटक अशा ठिकाणी कागद लावला की दोघे-तिघे थांबतात, एखादा मोठ्याने वाचतो, वाचता न येणाऱ्या आजींनाही कळतं. लोक बोलायला लागतात. बदलापूरसारख्या ठिकाणी, जिथे जुनं गाव एकीकडे आणि नव्या इमारतींतली माणसं दुसरीकडे, तिथे शेजाऱ्याशी बोलायला एवढं निमित्तही पुरतं. भिंत ज्याची असेल त्याला विचारून लावा.

शाळेत किंवा बचत गटाच्या बैठकीत करायचं असेल तर दहा-पंधरा जण, कागद, पेन्सिल, खोडरबर, काळं पेन आणि जवळचं झेरॉक्स दुकान एवढं पुरे. पहिला तास चित्रासाठी ठेवू नका. प्रत्येकाला आपली गोष्ट तोंडी सांगू द्या. बायका आणि मुलांना आधी बोलू द्या, नाहीतर पुढारीच सगळा वेळ खातात.