रंगासाठी जुळवलेले अजगर

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांत आढळणारा बॉल पायथन हा लहानसा, शांत अजगर मुळात काळा-तपकिरी. क्वचित एखाद्या पिल्लात रंगद्रव्याचे जनुक बदललेले असते आणि ते पिवळे-पांढरे, लाल डोळ्यांचे निघते. अशा अल्बिनोची पैदास अमेरिकेत १९९२ मध्ये साधली.

हे जनुक अप्रभावी. अल्बिनो आणि साध्या अजगराची जोडी लावली, तर सहसा सगळी पिल्ले साधीच दिसतात. जनुक मात्र प्रत्येकात दडलेले असते. अशा दोघांच्या पिल्लांत सरासरी चारातले एक अल्बिनो. मादी एका वेळी जेमतेम पाच-सहा अंडी घालते, म्हणून नवा रंग हाती यायला वर्षे जातात.

'स्पायडर' प्रकाराची जाळीदार नक्षी देखणी खरी, पण तिची किंमत सापच मोजतो. या प्रकारात आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते. डोके डुलत राहते, कधी उलटे वळते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. नक्षीपासून व्याधी वेगळी काढता आलेली नाही. हे ठाऊक असूनही त्याची पैदास करणे मला क्रूर वाटते. पांढऱ्या ठिगळांच्या 'पाइड' प्रकारात तोल असा जात नाही.