सिकलसेलची कळ आणि नागपूरची साठ-पासष्ट वर्षं

विदर्भातल्या कितीतरी घरांत ‘पोराची हाडं दुखतात’ एवढ्यावरच थांबणाऱ्या दुखण्याचा उलगडा १९५८ पासून होऊ लागला. त्या वर्षी आर. एन. शुक्ल आणि बी. आर. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे प्राणवायू पोहोचत नाही आणि कळ उठते.

निदान हाती आलं, तरी रात्री दोन वाजता उठलेली कळ घरच्यांनाच निभवावी लागायची. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. अंगातलं पाणी कमी झालं की पेशी लवकर वाकतात. म्हणून ‘एसएस पॅटर्न’च्या, म्हणजे नुसत्या वाहक नव्हे तर प्रत्यक्ष आजार असलेल्या, मुलाच्या दप्तरात पाण्याची मोठी बाटली हवी आणि शाळेत वारंवार लघवीला जायची मोकळीकही हवी, कारण या आजारात मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत. डिसेंबरात स्वेटर, अंघोळीला गरम पाणी. कळ सुरू झाली की पाणी, गरम शेक, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल; बर्फ मात्र लावायचा नाही. ताप, छातीत दुखणं, धाप, डाव्या कुशीला अचानक फुगवटा यांपैकी काहीही दिसलं, तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना.

खरा फरक पाडला तो हायड्रॉक्सियुरियानं. अमेरिकेत १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मंजूर झालेलं हे औषध महाग तपासण्यांविना इथल्या मुलांना कसं देता येईल, हा प्रश्न नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी हाती घेतला. वजनाच्या दर किलोला रोज १० मिलिग्रॅम अशा कमी, ठरावीक मात्रेनंही मुलांचे वेदनेचे झटके घटल्याचं त्यांच्या अभ्यासात दिसलं. गोळी मात्र बरं वाटू लागलं तरी सोडायची नाही, आणि नेमकं हेच सर्वांत अवघड जातं.

दुखणं बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ‘नाटक करतो’ हा शेरा ठरलेला. नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके (पद्मश्री, २०१८) यांनी रुग्णांच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. तपासणी हवीच. पण ज्यांचा अहवाल ‘एसएस’ येईल, त्यांना दर महिन्याच्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या नागपूरला खेप न घालता गावाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळायला हव्यात.