स्विमिंग पूल नक्की कुणाचा?

फ्लॅट बुक करताना आपण काय बघतो? कार्पेट एरिया, ईएमआय आणि गुळगुळीत ब्रोशरमधला तो निळाशार स्विमिंग पूल. सोबत जिम, क्लब हाऊस. दिल एकदम खूश! मग पझेशन मिळतं आणि खरी गंमत सुरू होते.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सध्या हेच चाललंय. क्लब हाऊसची किल्ली बिल्डरच्या ऑफिसात आणि जिममध्ये बाहेरचे मेंबर फी भरून घाम गाळतायत. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सर, मालकी आमची, तुम्ही फक्त वापरायचं.’ मग दर महिन्याला मेंटेनन्स कशाचा घेता राव?

कायदा मात्र बिल्डरची ही भाषा बोलत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात बाग, खेळायची जागा, ओपन पार्किंग, प्रोजेक्टमधल्या सामाईक सोयी हे सगळं कॉमन एरियात मोडतं. मंजूर झालेल्या प्लॅनमध्ये त्यात बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये १९६३ च्या मोफा कायद्याच्या आधारे निकाल दिला होता, की स्टिल्टमधलं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येणार नाही.

म्हणजे भांडायचं कशावर? ब्रोशरवर नाही, कागदावर. पहिला कागद मंजूर प्लॅन. क्लब हाऊस त्यात कशा स्वरूपात दाखवलंय ते बघा. दुसरा, तुमचं रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट. तिसरा आणि सगळ्यात महत्त्वाचा, कन्व्हेयन्स. जमीन सोसायटीच्या नावावर झाली नाही तोवर बिल्डरचा पाय आत राहतोच. तो टाळाटाळ करत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीमुळे सोसायटीला त्याच्या सहीविना ‘डीम्ड कन्व्हेयन्स’साठी अर्ज करता येतो. प्रोजेक्ट रेरात रजिस्टर असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रारही करता येते.

पण खरी अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे १४० फ्लॅट, आणि मीटिंगला येतात जेमतेम बावीस जण. बाकीचे ‘वीकेंडला कशाला डोक्याला ताप’ म्हणून मॉलमध्ये. बिल्डरला हे पक्कं ठाऊक आहे. तेव्हा बॉस, पुढच्या रविवारी एक पिक्चर कमी बघा, पण मीटिंगला जा. वीस वर्षं हप्ते आपणच भरणार आहोत!