लेन्स एकच घ्यायची होती

गेल्या वर्षी वार्षिक संचलनाचे फोटो पालकांना पाठवले गेले. पुढच्या रविवारी फोनच्या वेळात माझा मित्र घरी बोलत होता. बोलता बोलता त्याने फोन माझ्या हातात दिला. "आई विचारतेय, तूच सांग. फोटो तू काढलायस."

काकू बीडहून म्हणाल्या, "फोटो छान आलाय रे बाळा, पण ह्यातला आमचा कोणता?"

मी फोटो आठवून पाहिला. चार रांगा, पांढरे पट्टे, आणि चेहऱ्यांच्या जागी तपकिरी ठिपके. "उजवीकडून तिसरा," असं मी ठोकून दिलं. मित्र हसला. तो डावीकडे होता.

दुसरी चूक त्याच वर्षीची, पण तिच्यावर कुणी हसलं नाही. बॉक्सिंगची अंतिम लढत संध्याकाळी हॉलमध्ये होती. आमच्या हाउसच्या कॅप्टनची ती शाळेतली शेवटची लढत. मी एका सरांची झूम लेन्स मागून घेतली होती आणि रिंगच्या दोरीपाशी उभा होतो. दीडशेच्या वर फोटो काढले. ग्लोव्हजच्या जागी लाल फराटे, चेहऱ्याला दोन-दोन नाकं. शाळा सोडताना त्याने विचारलं, एक तरी बरा आला का? मी मान हलवली, पण दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

या वर्षी फोटोग्राफी क्लबला एका लेन्सपुरते पैसे मिळाले. क्लबचा कॅमेरा कॅननचा १५००डी, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची साधी लेन्स आहेच. तिच्या जोडीला दोन पर्याय होते : ५० एमएम एफ १.८ किंवा ५५-२५० एमएम एफ ४-५.६. पहिली हलकी, १६० ग्रॅमच्या आसपास, बरीच स्वस्त, आणि तिला झूम मुळीच नाही. दुसरी पावणेचारशे ग्रॅमची, लांबचं जवळ आणणारी, हात हलला तरी सांभाळून घेणारी. क्लबमधल्या ज्युनिअर्सना विचारलं असतं तर सगळ्यांनी झूमलाच हात वर केला असता. मीसुद्धा सुरुवातीला त्याच बाजूचा होतो.

आधी प्रकाशाचं बघू, कारण माझी बॉक्सिंगची संध्याकाळ तिथेच फुकट गेली. एफपुढचा आकडा लेन्सचं छिद्र किती मोठं उघडतं ते सांगतो, आणि तो उलटा चालतो : आकडा लहान तितकं छिद्र मोठं. प्रकाश मात्र वर्गाच्या हिशेबाने वाढतो. ५.६ ला १.८ ने भागा, ३.१ येतात, त्यांचा वर्ग केला की जवळजवळ १०. म्हणजे झूम पूर्ण ओढलेली असताना ५०ची लेन्स तिच्या दहापट प्रकाश आत घेते. मी त्या दिवशी झूम ओढलीच नव्हती, ५५ वरच होतो, म्हणजे एफ ४. तरीही फरक पाचपट.

ते फोटो कॅमेऱ्यात उघडून माहिती वाचली. आयएसओ ६४००, म्हणजे हा कॅमेरा ताणून घेण्याआधीची शेवटची पायरी. आणि शटर १/६०. सेकंदाच्या साठाव्या भागात ठोसा बराच प्रवास करतो, म्हणून फराटे. त्याच दिव्यांत ५०च्या लेन्सने साधारण १/३०० मिळालं असतं. वेगात असलेली मूठ तेव्हाही किंचित पुसट आली असती, पण चेहरा चेहऱ्यासारखा दिसला असता.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण मीही त्यात होतो. झूम लेन्सवर लिहिलेलं 'आयएस' आपल्या हाताचा कंप सावरतं. समोरचा हलत असेल तर त्याला ते थांबवू शकत नाही. भिंतीवरचं घड्याळ १/६० ला धारदार आणि त्याच्यासमोरचे बॉक्सर भुतासारखे, असे माझे फोटो त्याचा पुरावा आहेत.

आता अंतर. मैदानावर चुन्याच्या रेषेच्या आत छायाचित्रकाराला जाता येत नाही. आमच्याकडे त्या रेषेपासून सलामीच्या मार्गापर्यंत साधारण ४० मीटर. हिशेब सोपा आहे : सेन्सरची उंची भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे १५ एमएम उंच आहे. ५०ची लेन्स लावली तर ४० मीटरवर चौकटीत १२ मीटर उंचीचा पट्टा येतो. त्यात पावणेसहा फुटांचा कॅडेट चौकटीच्या सातव्या भागाएवढा. २५० वर तोच पट्टा २.४ मीटरचा होतो आणि कॅडेट चौकट भरून टाकतो.

"मग ५०चा फोटो नंतर कापून मोठा करू," असं एकाने सुचवलं. करून बघा. २५०इतकी चौकट हवी तर लांबी आणि उंची दोन्ही पाचाने भागावी लागतात, म्हणजे पंचवीसावा हिस्सा. २४ मेगापिक्सेलपैकी जेमतेम १ उरतो. काकूंचा तपकिरी ठिपका असाच तयार झाला होता.

इथपर्यंत हिशेब झूमच्या बाजूने झुकलेला दिसेल. मला तो उलटा का वाटू लागला ते सांगतो. ४० मीटरवरून २५० जेवढी चौकट देते, तेवढीच ५०ची लेन्स ८ मीटरवरून देते. म्हणजे प्रश्न ३२ मीटर चालण्याचा आहे. प्रत्यक्ष संचलनात ते चालता येत नाही. पण त्याआधी संपूर्ण गणवेशातली रंगीत तालीम होते, आणि तालमीत परवानगी मागता येते. बॉक्सिंगची अंतिम लढत मात्र तालीम करून होत नाही. हॉलमधले दिवेही मी मागितले म्हणून वाढणार नाहीत. अंतरावर माझ्याकडे उपाय होता, अंधारावर नव्हता.

क्लबच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा ड्रिलच्या उस्तादांनी हरकत घेतली, आणि ती खरी होती. ८ मीटर आणि ४० मीटरवरचे फोटो सारखे दिसत नाहीत. जवळून काढलं की पहिला कॅडेट मोठा, चौथा लहान, आणि रांग तिरकी पळाल्यासारखी वाटते. लांबून काढलं की सगळे जवळजवळ एका मापाचे, एकमेकांना चिकटून चालल्यासारखे. ही करामत लेन्सची नसते, उभं राहण्याच्या अंतराची असते. लेन्स फक्त त्यातला तुकडा उचलते. लांबच्या फोटोत ड्रेसिंग बिघडलेलं लगेच पकडता येतं, कुणाचा हात खांद्याखाली राहिला तेही. उस्तादांना तो फोटो नोटीस बोर्डावर हवा होता. मला ते कारण पटलं, आणि काहीसं भीतीदायकही वाटलं.

शेवटी आम्ही जुन्या फोटोंनाच विचारलं. वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी केली : वक्तृत्व, नाटक, बॉक्सिंग, पदग्रहण, हाउसचं जेवण, निरोप समारंभ. बहुतेक सगळं छपराखाली आणि दिवे लागल्यावर. मैदानावरचं थोडं, तेही सकाळच्या उन्हात. ५०ची लेन्स आली. पालकांपैकी कुणाच्या मुलाला पक्ष्यांचं वेड असेल, किंवा तो घोडेस्वारी आणि फुटबॉलच काढत असेल, तर मात्र विचार न करता झूम घ्यावी. पक्षी तालमीला येत नाहीत. आणि खरेदीआधी कॅमेऱ्याचा माउंट तपासा. ५५-२५० ही ईएफ-एस प्रकारची आहे; कॅननच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांना ती अडॅप्टरशिवाय बसत नाही.

नव्या लेन्सने पहिल्याच आठवड्यात फजिती केली. एफ १.८ वर दोन मीटरवरून काढलं की फक्त ११ सेंटीमीटरची खोली धारदार राहते. डोळा स्पष्ट, कान मऊ. एकट्याच्या फोटोला ते छान दिसतं. मी दोन रांगांचा गट तसाच काढला आणि मागची रांग सगळी धुक्यात गेली. अशा वेळी एफ ८ करा आणि पाच मीटर मागे या. पावणेचार मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं नीट येतं. बरॅकमध्ये पाच मीटर मागे जायला जागाच नसते. तिथे जुनी १८-५५ काढायची, लाज वाटून घ्यायची नाही.

ट्यूबलाइटखाली वेगळाच त्रास निघाला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. १/३०० ला एक फोटो उजळ, पुढचा काळसर. वक्ते स्थिर उभे असतात, त्यांना १/१०० पुरतं आणि ती कटकट जाते. बॉक्सिंगला मात्र जास्त फोटो काढून उजळ निवडावे लागतात.

या वर्षी रंगीत तालमीच्या दिवशी उस्तादांनी मला मार्करच्या झेंड्यामागे उभं राहू दिलं. "हलायचं नाही आणि रांगेत येणाऱ्याकडे बघून हसायचं नाही." एफ ४, शटर १/१०००, आणि वाट बघत बसलो. मित्राची तुकडी आली. तो या वेळी खरोखरच उजवीकडून तिसरा होता. हनुवटी वर, कपाळावर घाम, टोपीची सावली बरोबर भुवयांपर्यंत.

फोटो बीडला गेला. रविवारी फोन पुन्हा माझ्या हातात आला.

"बघितला," काकू म्हणाल्या. "वाळलाय किती. मेसमध्ये जेवतो का रे नीट?"