जूनचा खर्च, दिवाळीची मिळकत

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आर्थिक चिंतेचा विचार करताना पैसा किती कमी पडतो हे आधी विचारले जाते. तो हातात केव्हा येतो, या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष होते. मराठवाडा, विदर्भ किंवा पश्चिम महाराष्ट्रातील कोरडवाहू पट्ट्यातून पुणे, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर येथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो, कारण प्रवेशाचे शुल्क, खोलीचे डिपॉझिट, मेसचे आगाऊ पैसे आणि पुस्तके हा सारा खर्च पावसाळ्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकवटतो आणि नेमके त्याच दिवसांत घरी बियाणे, खते व मजुरी यांसाठी पैसा मोकळा करावा लागतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास बाजारात जाते, कापसाची वेचणी त्यानंतरही चालू राहते, उसाचे बिल कारखान्याच्या गाळपावर अवलंबून असते आणि शिष्यवृत्तीची रक्कम अर्ज, पडताळणी व मंजुरी असे टप्पे ओलांडत बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचते. त्यामुळे वर्षाचा जमाखर्च कागदावर जुळला तरी महिन्यामहिन्याचा जुळत नाही. मधल्या काळातली ही अनिश्चितता कोणी सोसायची, हा विद्यार्थ्यांच्या ताणामागचा मूळ प्रश्न आहे. आज तिचा बराचसा भार अठरा-वीस वर्षांच्या मुलांवर पडतो.

ताण म्हणजे नेमके काय

‘ताण’ या शब्दाला आजचा वैद्यकीय अर्थ प्राप्त होण्यात हान्स सेली या शास्त्रज्ञाचा वाटा मोठा आहे. थंडी, इजा, विषबाधा अशा अगदी भिन्न आघातांना शरीर काही अंशी एकाच पद्धतीने प्रतिसाद देते, असे निरीक्षण त्यांनी १९३६ मध्ये मांडले. धोक्याची चाहूल लागताच मेंदूच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाची गती वाढते, रक्तातील साखर वर चढते आणि पचनासारखी तातडीची नसलेली कामे मागे पडतात. परीक्षेच्या सकाळी हा प्रतिसाद उपयोगीच ठरतो, कारण तो काही तासांत ओसरतो. घरभाड्याची चिंता मात्र महिनोन्महिने पुरते, आणि शरीर इतका काळ सज्ज अवस्थेत राहिले की झोप तुटते, भूक बिघडते, पित्त वाढते आणि वाचलेले स्मरणात टिकेनासे होते.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या शारीरिक वर्णनाला एक महत्त्वाची जोड दिली. त्यांच्या मते ताण हा केवळ प्रसंगात नसतो. समोरची मागणी आणि ती पुरी करण्यासाठी जवळ असलेली साधने यांचा माणूस मनाशी जो ताळा मांडतो, त्यात मागणी वरचढ ठरली की ताण निर्माण होतो. या मनातल्या ताळ्याला ते ‘मूल्यमापन’ म्हणतात. पाच हजार रुपये कमी आहेत, पण ते वीस तारखेला नक्की येणार आहेत, हे ठाऊक असलेला विद्यार्थी आणि तेवढीच रक्कम कमी असून ती कधी येईल याचा अंदाजच नसलेला विद्यार्थी, या दोघांची तूट सारखी असली तरी त्यांचे मूल्यमापन सारखे नसते. दुसऱ्याचा ताळा रोज नव्याने मांडला जातो आणि रोज चुकतो.

उसाच्या शेतात सापडलेले उत्तर

पैशाची चणचण विचारशक्तीवर काय परिणाम करते, याचा एक लक्षवेधी पुरावा तमिळनाडूतील ऊस उत्पादकांनी पुरवला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४६४ शेतकऱ्यांच्या बौद्धिक चाचण्या दोनदा घेतल्या गेल्या, एकदा ऊसतोडीपूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि एकदा ऊस गेल्यानंतर, म्हणजे पैसा हाती आल्यावर. माणसे तीच असूनही तोडीआधीच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी कमी भरली. कारखान्यांच्या गाळपाची क्षमता मर्यादित असल्याने वेगवेगळ्या शेतांची तोड वेगवेगळ्या महिन्यांत होते, त्यामुळे हा फरक केवळ ऋतुमानामुळे पडला असे म्हणता येत नव्हते. याचे स्पष्टीकरण संशोधकांनी ‘टंचाई’ या संकल्पनेने दिले. अपुऱ्या पैशाची सततची जुळवाजुळव मनाची मर्यादित जागा व्यापून टाकते आणि नियोजन, संयम व एकाग्रता यांसाठी उरणारी जागा आक्रसते.

हा निष्कर्ष महाविद्यालयाच्या वर्गाला लावून पाहिला की अनेक नेहमीच्या तक्रारींचा अर्थ बदलतो. प्रात्यक्षिक चालू असताना मेसच्या बिलात या महिन्याचे किती खाडे वजा होतील याचा हिशेब करणारा, एक वेळचा डबा दोन वेळा पुरवणारा किंवा सहलीची वर्गणी मागितली जाण्याच्या दिवशी गैरहजर राहणारा विद्यार्थी बेफिकीर वा आळशी असतोच असे नाही. त्याचे लक्ष आधीच दुसऱ्या एका कामात खर्ची पडलेले असते. अशा वेळी अर्जाची मुदत विसरणे किंवा शेवटच्या दिवशी कागदपत्र अपुरे निघणे या चुका वाढतात आणि त्या चुकांमुळे पैसा आणखी लांबतो, म्हणजेच चणचणीतून चूक आणि चुकीतून पुन्हा चणचण असे चक्र तयार होते.

वसतिगृहांनी काय उचलून घेतले

महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार करणाऱ्यांनी हे चक्र संशोधन होण्यापूर्वीच ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिले वसतिगृह उभे केले आणि पुढे वेगवेगळ्या समाजांसाठी वसतिगृहांची मालिकाच निर्माण झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ मधले. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यात रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले, जेथे मुले शेतीची व स्वयंपाकाची कामे करून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही पुढे राज्यभर रुजलेली पद्धत याच परंपरेतून वाढली. कोठारातले धान्य संपल्यावर मुलांना जेवू घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडल्याची हकिकत त्यागाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थ असा की उद्याच्या जेवणाची काळजी संस्थेने आपल्याकडे घेतली होती आणि मुलांकडे ती पोहोचू दिली नव्हती. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी स्थापन केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची जी व्यवस्था उभी केली, तिच्यामागेही हेच सूत्र दिसते.

आजच्या शासकीय योजना हेच काम रोख रकमेच्या रूपाने करू पाहतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या महानगरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवण्यात आले, त्यांपैकी ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे आणि ८ हजार किरकोळ निर्वाहाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, तर २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण माफी, अशी ही तरतूद विस्तारत गेली आहे. पण वसतिगृहातले ताट रोज ठरल्या वेळी मिळते, भत्ता मात्र मंजुरीनंतर मिळतो, आणि मधल्या महिन्यांची जोखीम पुन्हा विद्यार्थ्याकडे येते.

सुटणारा भाग आणि न सुटणारा भाग

लाझारस आणि फोकमन यांनी ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. प्रसंग बदलण्यासाठी केलेली कृती हा समस्याकेंद्री मार्ग, तर प्रसंग लगेच बदलणार नसेल तेव्हा मनाची अवस्था सावरण्यासाठी केलेला प्रयत्न हा भावनाकेंद्री मार्ग. या दोहोंची गल्लत झाली की नुकसान होते. अर्ज त्रुटीसाठी परत आलेला असताना मन शांत करण्याचे उपाय पुरेसे ठरत नाहीत आणि पाऊस लांबल्याची चिंता रात्रभर आकडेमोड केल्याने मिटत नाही.

समस्याकेंद्री मार्गाची सुरुवात खर्च कमी करण्याआधी खर्चाच्या तारखा लिहून काढण्यापासून होते. बारा महिन्यांच्या बारा ओळी आखून त्यांत देणी आणि येणारी रक्कम आपापल्या महिन्यात मांडली की तूट कोणत्या महिन्यांत आहे हे दिसते, आणि ‘पैसे पुरत नाहीत’ ही धूसर भीती ‘ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मिळून नऊ हजार कमी पडतात’ अशा मोजता येणाऱ्या विधानात बदलते. अशा विधानावर बोलणी करता येतात: शुल्काचे हप्ते पाडून मागता येतात, मेसचालकाकडून मुदत घेता येते, ‘कमवा आणि शिका’चे तास त्या दोन महिन्यांकडे वळवता येतात. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि आधारशी जोडलेले बँक खाते ही तयारी प्रवेशाच्या धांदलीपूर्वी, उन्हाळ्याच्या सुटीतच झालेली बरी, कारण जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रांवर रांगा लागतात. शिष्यवृत्तीसाठी शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरलेला अर्ज महाविद्यालयाच्या, मग विभागाच्या पडताळणीतून जात असल्याने तो नेमका कोठे थांबला आहे हे दर आठवड्याला पाहणे आवश्यक ठरते. त्रुटीचा शेरा वेळेत न पाहिल्यामुळे पात्र असूनही मदत हुकू शकते.

शैक्षणिक कर्जाबाबतही काळाचा हिशेबच महत्त्वाचा असतो. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष यांत हप्ता भरावा लागत नाही. या सवलतीच्या काळाला अधिस्थगन म्हणतात. व्याज मात्र त्या काळातही धावत असते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षाच्या आरंभी एक लाख याप्रमाणे १० टक्के सरळ व्याजाने चार लाख उचलले, तर पाचव्या वर्षाच्या अखेरीस १ लाख ४० हजार व्याज साठते. त्यासह दहा वर्षांच्या परतफेडीचा मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये येतो, आणि व्याज वेळच्या वेळी भरत गेल्यास तोच सुमारे ५,३०० रुपये राहतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला ८३३ रुपये इतकेच असते. याउलट मोबाइलवरील झटपट कर्जात शुल्काच्या नावाखाली पाच हजारांतून दीड हजार आधीच कापून आठवड्याने पूर्ण पाच हजार मागितले गेले, तर तो दर आठवड्याला जवळजवळ ४३ टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अॅपला फोनमधील संपर्कयादी पाहण्याची मुभा नाही आणि एकूण खर्चाचा वार्षिक दर आधी सांगणे बंधनकारक आहे. या दोन कसोट्यांवर न उतरणाऱ्या अॅपपासून दूर राहणे श्रेयस्कर.

मनाची बाजू

एवढे करूनही काही भाग उरतोच. बाजारभाव, पाऊस, घरातले आजारपण यांवर विद्यार्थ्याचे नियंत्रण नसते, आणि येथे भावनाकेंद्री मार्गाची गरज लागते. वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत होत असल्याने चिंतेपोटी केलेले जागरण अभ्यासाच्याच मुळावर येते. चालणे, खेळणे आणि संथ श्वसन यांमुळे शरीराची सज्ज अवस्था सैल होते. पण सर्वांत मोठी झीज लपवण्यात होते. घरच्यांना काळजी नको म्हणून ‘सगळे ठीक आहे’ असे फोनवर सांगायचे आणि मित्रांत कमीपणा नको म्हणून उसने घेऊन चहा पाजायचा, अशा दुहेरी देखाव्याने मनातला ताळा एकट्यानेच मांडत राहावा लागतो. विश्वासातल्या एका माणसाला खरा आकडा सांगितल्याने पैसे येत नसले तरी तो हिशेब पाहणारे दुसरे डोळे मिळतात.

झोप आठवडेच्या आठवडे उडणे, आवडत्या गोष्टींत रस न उरणे, वर्ग आणि माणसे टाळणे किंवा जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसल्यास तज्ज्ञांची मदत विनाविलंब घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास व विनाशुल्क मिळते, आणि मराठीतही बोलता येते. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. समुपदेशक म्हणजे उपदेश करणारा नव्हे. अडचणीची उकल विद्यार्थ्यानेच करावी यासाठी त्याला विचार करण्यास साहाय्य करणारी प्रशिक्षित व्यक्ती.

तथापि समुपदेशकाची खोली आणि लेखा विभागाची खिडकी एकाच इमारतीत असूनही परस्परांपासून तुटलेली राहिली, तर पहिलीकडचे काम दुसरी वाढवत राहते. शिष्यवृत्ती मंजूर होईपर्यंत शुल्काचा तगादा थांबवणे, मेससाठी दोन महिन्यांची बिनव्याजी उचल देणारा छोटा निधी ठेवणे आणि अर्जातील त्रुटी विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात कळवणे, यांपैकी कशालाही मोठ्या अनुदानाची गरज नाही. जी प्रतीक्षा संस्थेच्या हिशेबवहीत एक येणे बाकी म्हणून राहू शकते, तीच विद्यार्थ्याच्या डोक्यात शिरली की त्याचे सत्र खाऊन टाकते. साताऱ्याच्या वसतिगृहात कोठार रिकामे झाल्याची खबर स्वयंपाकघरातच थोपवली गेली होती; आजच्या महाविद्यालयाला तेवढेच काम जून ते दिवाळी या पाच महिन्यांपुरते करायचे आहे.