अहो, त्यांना आधी बाहेर तर पडू द्या!

दिवेलागणीला खिडकीतून काहीतरी काळं भुर्रकन आत शिरतं, दिव्याभोवती गिरक्या घेऊ लागतं आणि घरात एकच धांदल उडते. कुणी केरसुणी शोधतं, कुणी डोक्यावर पदर ओढून घेतं, कुणी थेट पलंगाखाली! केरसुणी राहू द्या. वटवाघूळ घालवायला जोर लागत नाही, वेळ साधावी लागते. ती कशी साधायची, ते या पाहुण्याच्या गमतींसकट ऐका.

१. पहिलं काम : पंखा बंद
घरात शिरलेल्या वटवाघळाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे छताचा पंखा. तो आधी थांबवा. मग आतल्या खोल्यांची दारं लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा, दिवा मालवा आणि बाहेर जाऊन गप्प बसा. बहुतेक वेळा पाहुणा थोड्याच वेळात आपणहून निघून जातो.

२. ते तुमच्या केसांवर टपलेलं नाही
बंद खोलीत उडताना ते मधोमध खाली येतं आणि भिंतीजवळ पुन्हा वर चढतं. म्हणून मध्ये उभं राहिलेल्याला वाटतं, आलं अंगावर! भिंतीला टेकून उभे राहा. गुडूप अंधारात घुबड धडपडतं, पण वटवाघूळ बिनचूक उडतं, हे इटलीच्या स्पालान्झानी या शास्त्रज्ञाने १७९३ च्या सुमारास पाहिलं होतं. ते स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतं, हे कोडं मात्र १९३८ नंतर शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यांच्या प्रयोगांतून सुटलं. आणि हो, ते आंधळंही नसतं.

३. पडद्याला लटकून बसलं तर?
जाड हातमोजे घाला. त्याच्यावर प्लास्टिकचा डबा अलगद पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा आणि डबा बाहेर न्या. पण जमिनीवर सोडू नका. बऱ्याच जातींना जमिनीवरून झेप घेता येत नाही, खाली झोकून द्यायला उंची लागते. झाडाच्या खोडावर किंवा उंच कठड्यावर सोडा. उघड्या हाताने कधीच धरू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. रेबीजच्या बाबतीत ‘बघू उद्या’ चालत नाही.

४. वजन चमचाभर साखरेएवढं
आपल्याकडच्या घरांत राहणारी छोटी वटवाघळं, म्हणजे अनेक जण ज्यांना पाकोळ्या म्हणतात ती, जेमतेम चार-पाच ग्रॅमची. अंगठा जाईल एवढी फट त्यांना पुरते. कौलांखालची पोकळी, रोलिंग शटरची पेटी, दुकानाच्या पाटीमागची जागा, एसीच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, सगळं चालतं. पण ती उंदराच्या जातीची नव्हेत. वायरी कुरतडत नाहीत, भिंत पोखरत नाहीत, घरटं बांधत नाहीत. त्यामुळे एकदा नीट बुजवलेली फट बुजलेलीच राहते.

५. लेंडीवरून पाहुणा ओळखा
माळ्यावर काळे दाणे दिसले की काडी आणि बॅटरी घ्या. दाण्याला पांढरं टोक असेल तर पाल. काडीने दाबूनही फुटत नसेल तर उंदीर. दाबताच भुगा झाला आणि उजेडात त्यात बारीक चमचम दिसली तर वटवाघूळ. ती चमचम म्हणजे खाल्लेल्या किड्यांच्या पंखांचे आणि कवचांचे तुकडे! झाडताना मात्र कोरडी धूळ उडवू नका. जुन्या विष्ठेत फुप्फुसांना बाधणारी बुरशी वाढू शकते. मास्क लावा, आधी पाणी शिंपडा, मग पुसा.

६. दिवसाढवळ्या फट बुजवणं ही घोडचूक
दिवसा सगळी मंडळी आत झोपलेली असतात. तेव्हा सिमेंट थापलंत तर ती आतच मरतील आणि दुर्गंधीने तुम्हीच घर सोडाल. दुसरा घोटाळा पिल्लांचा. नवजात पिल्लांना उडायला काही आठवडे लागतात. आई बाहेर आणि पिल्लं आत, असं झालं तर पिल्लं उपाशी मरतात. बऱ्याच जातींची वीण उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर होते, काहींची वर्षातून एकाहून अधिक वेळा. म्हणून मोठी वटवाघळं बाहेर गेल्यावर फटीशी कान द्या. आतून चिवचिव ऐकू आली तर काम पुढे ढकला.

७. एकेरी दार : जायला वाट, यायला नाही
जगभर वापरला जाणारा हा उपाय आहे साधाच. संध्याकाळी बाहेर उभं राहून ती नेमकी कुठून निघतात ते हेरा. ती मुख्य वाट सोडून बाकीच्या फटी बुजवा. मग त्या वाटेवर बारीक छिद्रांची जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी पक्की करा. खालची बाजू मोकळी ठेवा आणि जाळी फटीच्या खाली अर्धा मीटर लोंबू द्या. वटवाघळं जाळीआडून खाली सरपटत बाहेर पडतात. परतताना मात्र थेट फटीपाशीच येतात, जाळीवर आपटतात आणि खालून शिरायचं त्यांना सुचत नाही. आठवडाभर जाळी राहू द्या. आत कुणी उरलं नाही याची खात्री झाली की शेवटची फटही बंद करा.

८. डांबरगोळ्यांचा वास तुम्हालाच
मोकळ्या माळ्यावर डांबरगोळ्यांचा उपयोग होत नाही. अल्ट्रासोनिक यंत्रांचाही भरवसा नाही. चिकट सापळे तर हालहाल करून मारतात.

९. व्हरांड्यातला रात्रीचा जेवणारा
सकाळी भिंतीवर शिंतोडे, फरशीवर पेरूच्या बिया आणि चघळून थुंकलेला चोथा? हे फळं खाणारं वटवाघूळ. ते तुमच्या घरी राहत नाही, फक्त जेवायला बसतं. रात्री तिथे दिवा चालू ठेवा किंवा लटकायची जागा जाळीने झाका. अशा वटवाघळांतल्या एका जातीचे नर सोसायटीतल्या उंच, सरळसोट अशोकाच्या फांद्यांत तंबूसारखा निवारा करतात. उष्टी फळं मात्र फेकून द्या, त्यांतून आजार पसरू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

१०. बोलावलं तर येत नाहीत
फ्लोरिडाच्या शुगरलोफ बेटावर १९२९ मध्ये रिक्टर पर्की यांनी डासांवर उतारा म्हणून वटवाघळांसाठी लाकडी मनोरा उभारला. एकही तिथे राहिलं नाही. २०१७ च्या चक्रीवादळात मनोराही पडला. उलट टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये १९८० साली एका पुलाचं नूतनीकरण झालं आणि त्याच्या फटी लाखो वटवाघळांनी न विचारता पटकावल्या. आधी लोक त्यांना संपवायच्या गोष्टी करत होते, आता त्यांचं उड्डाण बघायला पर्यटक गर्दी करतात. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात तर ती पुस्तकं खाणारे किडे फस्त करतात. विष्ठा पडू नये म्हणून रात्री टेबलांवर चामड्याची आवरणं घातली की झालं!

११. कायदा बदललाय
१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना उंदरांच्या पंक्तीत, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत बसवलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली. म्हणजे धूर करून, काठीने बडवून हिशेब चुकता करायचे दिवस गेले. आढ्याला मोठी वस्ती असेल तर स्वतः हात घालण्याआधी वन विभागाला फोन करा.

थोडक्यात, वटवाघूळ रोज संध्याकाळी आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, घर सोडतंच. तुम्ही फक्त ते गेल्यावर दार लावायचं!