फूल पांढरे, झाडे तीन

पाऊस झाला की बांधावर, वाटेच्या कडेला बारीक पांढरी फुले दिसू लागतात. लांबून सगळी सारखीच. पण त्यांत एक औषधी आहे, तर एक अंगाला खाज आणणारे आहे. मग ओळखायचे कसे?

आम्ही एका गावी गेलो होतो. एक मावशी केसांच्या तेलासाठी माका घेऊन आल्या. टोपली ओतली. पाहतो तो माका थोडा, एकदांडीच जास्त. गाजरगवताच्या दोन काड्याही होत्या. मावशी म्हणाल्या, "फूल तर पांढरंच हाय की!"

मावशी चुकल्या, यात नवल नाही. ही तिन्ही झाडे सूर्यफुलाच्या कुळातली. या कुळात एक फूल दिसते, तो खरा पुष्कळ बारीक फुलांचा झुबका असतो. झेंडू पिंजून पाहा, म्हणजे कळेल.

म्हणून नुसता रंग पाहू नका. फूल, पान आणि जागा, तिन्ही पाहा.

माका : ओल्या जागी, पाटाच्या कडेला उगवतो. पाने अरुंद, खरखरीत. फूल लहान, बटणासारखे. मधला भागही पांढरटच. पान चुरगाळले की बोटे काळी होतात.

एकदांडी : कोरड्या जागीही वाढते. हिलाच कोणी दगडी पाला म्हणतात. लांब दांडी, तिच्या टोकाला एकच फूल. मध्ये पिवळे, भोवती चार-सहा फिकट पाकळ्या. पाकळीच्या टोकाला तीन दाते.

गाजरगवत : पडीक रानात माजते. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. फुले ज्वारीच्या दाण्याएवढी, पण झाडभर. हे मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडे १९५५ साली ते पुण्यात आढळले आणि मग देशभर पसरले. याने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येते. फुलांच्या परागाने शिंका येतात, दमाही होतो. जनावरांनी खाल्ले तर दूध कडू लागते.

याच्या एका झाडाला हजारो बिया धरतात. म्हणून फुलावर येण्याआधीच उपटा. जमीन ओली असताना मुळासकट निघते. पण उघड्या हाताने धरू नका. हातमोजे घाला, नाहीतर हाताला पिशवी बांधा. ज्याला याची खाज सुटते, त्याने तर जवळही जाऊ नये.

आणि माका आणाल तेव्हा आधी एक पान चुरगाळून पाहा. बोट काळे झाले, फूल पांढरे आहे, जागा ओली आहे, तरच टोपलीत टाका. शंका आली तर जाणत्याला दाखवा. मावशी आता तसेच करतात.